उजेड कुठून येतोय?

वाचकांचे प्रश्न : संगणकावरची अवकाशचित्रं

मागच्या अंकात माझं एक चित्र छापून आलं होतं. मांडवगडाच्या टोकावरून दिसणारी निमाडची दरी आणि तिच्यावर, एरवी संध्याकाळी शुक्र दिसतो त्या जागी, कडी असलेला शनी. भाच्याच्या कॉम्प्युटरवर वॉलपेपर म्हणून लावायला ते केलं होतं. त्यावर पत्रं आली, आणि त्यांतली सहा संपादकांनी माझ्याकडे धाडली.

दोघा-तिघांनी माझ्याबद्दल विचारलंय. माझे वडील पडदे रंगवायचे. इंदुरातल्या फोटो स्टुडिओंचे मागचे पडदे, आणि गणपतीत होणाऱ्या नाटकांचेही. मी स्वतः २९ वर्षं एका ऑफसेट प्रेसमध्ये रंगांचं काम केलं. फिल्म, सेपरेशन, प्लेट, प्रूफ, सगळं. निवृत्तीनंतर घरी कॉम्प्युटर घेतला आणि अवकाश रंगवायला बसले. वॉलपेपर म्हणजे माझ्या लेखी पडदाच. त्याच्यापुढे कुणीतरी आपलं काम करत बसलेलं असतं.

मावशी, मी जिम्प या चित्रं करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ग्रह बनवतो. गोल काढून त्यावर दगडाचं टेक्श्चर लावतो, भोवती निळी चमक देतो, मागे तारे. पण ग्रह स्टिकरसारखा चिकटवलेला दिसतो. मित्र छान म्हणतात, पण मला पटत नाही. चुकतंय कुठे?
— अकरावीतला विद्यार्थी, सुदामानगर, इंदूर

तुझी चारही चित्रं मोठी करून पाहिली. टेक्श्चरची निवड चांगली आहे, हात बरा चालतो. पण दुसऱ्या चित्रात ग्रहावर उजेड डावीकडून येतोय, चंद्रावर उजवीकडून, आणि खालच्या खडकांच्या सावल्या सरळ आपल्या अंगावर. एका चित्रात तीन सूर्य झाले. बघणाऱ्याला हे बोलून दाखवता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याच्या डोळ्याला लगेच कळतं. तुलाही ते कळलंय, म्हणूनच तुला पटत नाहीये.

तेव्हा पहिला रंग लावायच्या आधी एक रिकामा लेयर, म्हणजे चित्रावर ठेवलेला पारदर्शक कागदच, घे. त्यावर ठळक बाण काढ आणि लेयरला नाव दे ‘सूर्य’. चित्र पुरं होईपर्यंत तो बाण दिसत राहू दे, शेवटी बंद कर. सूर्य इतका लांब असतो की त्याचे किरण चित्रातल्या सगळ्या गोष्टींवर एकाच दिशेने पडतात. सूर्य आपल्या पाठीशी असेल तर ग्रह पूर्ण उजळलेला दिसेल. बाजूला असेल तर अर्धा. ग्रहाच्या पलीकडे असेल तर नुसती कोर. खडकांच्या सावल्या आपल्याकडे येत असतील तर वरचा ग्रह कोरच असायला हवा, आणि कोरीची फुगीर बाजू सूर्याकडे.

वाचून हे नीट बसत नाही, म्हणून एक करून बघ. येत्या शुद्ध अष्टमीला, सूर्य मावळायला तासभर असताना, एक मोसंबं घेऊन गच्चीवर जा. चंद्र वर आलेला असेल. हात लांब करून मोसंबं चंद्राच्या शेजारी धर, पण त्यावर ऊन पडलं पाहिजे. मोसंब्याचा जितका आणि ज्या बाजूचा भाग उजळेल, तितकाच आणि त्याच बाजूचा चंद्र उजळलेला दिसेल. मी हे साठी उलटल्यावर पहिल्यांदा केलं आणि कितीतरी वेळ हात खाली घेतला नाही.

उजेड आणि अंधार जिथे मिळतात ती रेघ सगळ्यात जपून रंगव. तिथे ऊन तिरपं पडतं, सावल्या लांब होतात, म्हणून खड्डे आणि डोंगर तिथेच उठून दिसतात. भर उन्हाच्या भागात ते सपाट होतात. तू टेक्श्चर सगळीकडे सारखं ठेवलंयस. उजळ बाजूला त्याचा कॉन्ट्रास्ट कमी कर, रेघेजवळ वाढव. ग्रहाला हवा असेल तर ती रेघ मऊ, नसेल तर करकरीत.

आता निळी चमक. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. अवकाश सुरू झालं असं आपण साधारण १०० किलोमीटरवर मानतो. तुझा ग्रह पडद्यावर १,००० पिक्सेल रुंद असेल तर ते १०० किलोमीटर म्हणजे जेमतेम ८ पिक्सेल होतात. तुझी चमक मी मोजली, ९० भरली. शिवाय ती गोलाभोवती चौफेर आहे. ती उन्हाच्या बाजूला हवी, आणि अंधाराकडे जाताना विरत जायला हवी.

आणि एक, हे मात्र बाबांकडून आलेलं. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी एका स्टुडिओसाठी रात्रीचा पडदा रंगवला होता. सज्जा, नदी, नदीवर चंद्रकोर, आणि कोरीच्या दोन टोकांच्या मधोमध एक टपोरी चांदणी. लोकांना फार आवडायचा. एके दिवशी एक मास्तर सहकुटुंब फोटो काढायला आले. पडद्याकडे बघून म्हणाले, ‘चंद्राचा तेवढा भाग अंधारात आहे, पण चंद्र तिथे आहेच ना? मग त्याच्या आरपार चांदणी कशी दिसेल?’ बाबा काही बोलले नाहीत. त्याच रात्री स्टुडिओ बंद झाल्यावर ते रंग घेऊन गेले आणि चांदणी बुजवून आले. कंदील मी धरला होता. तुझ्या तिसऱ्या चित्रात ग्रहाच्या काळ्या भागात सात तारे आहेत. ते काढून टाक.

ताई, नोकरी सांभाळून रात्री चित्रं करते. तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायू-धुळीचा ढग, करायला घेतला की रंगपंचमी झाल्यासारखं दिसतं. मुलगा विचारतो, नासाच्या फोटोंमधले रंग तरी खरे असतात का? त्याला काय सांगू?
— एक वाचक, दांडियाबाजार, वडोदरा

मुलाचा प्रश्न आधी घेते, कारण त्यातच तुमचंही उत्तर आहे.

थंडीत मृग नक्षत्र वर आलं की त्याच्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक धूसर ठिपका दिसतो. तो तेजोमेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर आहे. छोट्या दुर्बिणीतून बघितलात तर राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसेल. इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत. कॅमेऱ्याचं तसं नाही, तो मिनिटंच्या मिनिटं उजेड साठवत राहतो, म्हणून त्याला रंग दिसतो. हायड्रोजनचा लाल, तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर. ऑक्सिजनचा निळसर हिरवा, ५०१ नॅनोमीटर. हे रंग खरेच तिथे असतात.

हबल अवकाश दुर्बिणीनं १९९५ साली गरुड तेजोमेघातल्या खांबांचा जो प्रसिद्ध फोटो घेतला, त्याची गोष्ट वेगळी. तिथे गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे तीन वेगवेगळे उजेड तीन फिल्टरमधून घेतले आणि त्यांना अनुक्रमे लाल, हिरवा, निळा रंग दिला. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही मुळात लालच, तसंच ठेवलं असतं तर एकमेकांत मिसळून गेले असते. प्रेसमध्ये आम्ही चार प्लेटा करून त्यांना चार शाया द्यायचो, त्यातलाच हा प्रकार. मुलाला सांगा, प्रत्येक रंगामागे तिथला खरा पदार्थ आहे, रंगाचं वाटप मात्र माणसाने केलंय.

तुमच्या चित्राची रंगपंचमी होते ती इथेच. तुम्ही गुलाबी, जांभळा, मोरपंखी हे रंग शोभेसाठी घेतलेत. प्रत्येकाला काम द्या. जिथे वायू स्वतः झळकतो तिथे लाल. जिथे धूळ शेजारच्या तप्त ताऱ्याचा उजेड नुसता परतवते तिथे निळा, कृत्तिकांभोवती असतो तसा. जिथे धूळ मागचं सगळं झाकते तिथे काळा. तो काळा भरपूर ठेवा. माझ्या चित्रात दोन तृतीयांश काळं असतं.

आणि तारा आधी ठेवा, ढग नंतर. मृगातला तेजोमेघ उजळतो तो त्याच्याच पोटातल्या चार तरुण ताऱ्यांमुळे. गरुडातल्या खांबांच्या कडा झळकतात त्या वरच्या ताऱ्यांकडे तोंड केलेल्याच. बहुतेक जण आधी सुंदर धूर करतात आणि मग त्यावर तारे शिंपडतात, मग तो धूर कुणामुळे उजळलाय ते कळत नाही.

करायची रीत सांगते. सॉलिड नॉइजचे, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप करून देतं त्या ढगाळ पोताचे, चार लेयर घ्या, एक मोठ्या ढगांचा, एकेक लहान होत जाणारा. वरचे तीन स्क्रीन मोडवर, म्हणजे खालच्यात उजेड मिसळेल असे. प्रत्येकाला मास्क, म्हणजे लेयरचा हवा तेवढाच भाग दाखवणारा पडदा, लावा आणि तो मास्क हातानेच, मऊ ब्रशने, ताऱ्याच्या दिशेने उघडत न्या. असा नॉइज आपोआप तयार करायची युक्ती केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढली, त्यांना १९९७ साली त्यासाठी ऑस्करचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. ढग, संगमरवर, डोंगर, सगळ्यांत तो उपयोगी पडतो. पण त्याला दिशा नसते. दिशा तुमच्या मास्कमधून यायची.

ताऱ्यांचं थोडक्यात. एक ठळक काढलात तर त्याहून एक पायरी मंद असे साधारण तीन, त्याहून मंद असे नऊ-दहा. सगळे पांढरे नकोत. रोहिणी आणि ज्येष्ठा तांबूस, चित्रा निळसर, हे तर आपण अंगणातून बघतो. चार टोकांचे लखलखाट लावायचे असतील तर सगळ्या ताऱ्यांना एकाच कोनात लावा. ते ताऱ्यांचे नसतात, दुर्बिणीतला आरसा धरणाऱ्या दांड्यांमुळे उमटतात. हबलच्या फोटोंत ते चार दिसतात, वेब अवकाश दुर्बिणीच्या फोटोंत सहा मोठे आणि दोन बारीक, तिथले मोठे सहा मुख्यतः आरशाच्या षटकोनी तुकड्यांमुळे येतात.

तुम्ही वडोदऱ्याच्या, म्हणून एक आठवण. आमच्या इंदुरात देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली चित्रशाळा काढली. नारायण श्रीधर बेंद्रे तिथलेच विद्यार्थी, आणि १९५० पासून ते तुमच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात शिकवायला होते. बाबा त्या चित्रशाळेत दोन वर्षं जात होते. माळव्याच्या उन्हाचा रंग कोणता, यावर तिथे तासन्‌तास वाद चालायचे.

तुमच्या चित्रात शनीची कडी छान उघडी दिसतात. शनीच्या चंद्रावरून ती खरंच तशी दिसतील का? आणि ग्वाल्हेरचा किल्ला परक्या आकाशाखाली उभा करायचा आहे, कुठून सुरुवात करू?
— निवृत्त भूगोल शिक्षक, लष्कर, ग्वाल्हेर

सर, पहिला प्रश्न तुम्ही विचारलात याचा फार आनंद झाला. शनीच्या बहुतेक मोठ्या चंद्रांवरून कडी तशी दिसणार नाहीत. कडी शनीच्या विषुववृत्ताच्या पातळीत आहेत आणि मायमस, एन्सेलॅडस, टायटन हे चंद्रही जवळपास त्याच पातळीत फिरतात. ताट डोळ्यांच्या रेषेत आडवं धरल्यावर दिसावं तशी त्यांच्यावरून नुसती रेघ दिसेल. मोठ्या चंद्रांपैकी इयापेटसची कक्षा सुमारे १५ अंशांनी कललेली आहे, तिथून कडी उघडलेली दिसतात. तिथे शनी आपल्या चंद्राच्या पावणेचारपट रुंद दिसेल, आणि इयापेटसची एकच बाजू कायम शनीकडे असल्यामुळे तो आकाशात जवळजवळ एकाच जागी राहील. टायटनवर हवा नसती तर शनी साडेपाच अंशांहून थोडा मोठा दिसला असता. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे निम्म्या मुठीहून जरासा जास्त. पोस्टरांवर तो अर्धं आकाश व्यापतो.

माझ्या चित्रात दरीत धुकट हवा आहे, आणि इयापेटसला हवा नाही. तेव्हा ती जमीन इयापेटसची नव्हे. तितक्याच कललेल्या कक्षेतला, हवा असलेला एक कल्पित चंद्र मी मनात धरला होता. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

टायटनवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. चेस्ली बोनस्टेल नावाचे अमेरिकन चित्रकार होते. शिक्षण वास्तुशास्त्राचं, आणि हॉलिवूडमध्ये सिनेमांसाठी मागची दृश्यं काचेवर रंगवायचे, म्हणजे आमच्याच धंद्यातले. १९४४ साली त्यांचं टायटनवरून दिसणाऱ्या शनीचं चित्र ‘लाइफ’ मासिकात छापून आलं. बर्फाळ कडे, निळं आकाश, मध्ये शनी. त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ कायपर यांनी टायटनवर मिथेनयुक्त वातावरण असल्याचं जाहीर केलं. पुढे कळलं की ते वातावरण दाट नारिंगी धुरक्याचं आहे आणि जमिनीवरून डोळ्यांना शनी दिसणारच नाही. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान तिथे उतरलं, तेव्हा नारिंगी उजेडात बर्फाचे गुळगुळीत गोटे दिसले, नदीच्या पात्रात असतात तसे. बोनस्टेलांचं चित्र म्हणून फेकून द्यायचं का? मी तर ते वर्षातून एकदा काढून बघते. हाती होती तेवढी सगळी माहिती त्यांनी मन लावून वापरली होती. १९७६ साली व्हायकिंग-१ यान मंगळावर उतरलं तेव्हा शास्त्रज्ञांनीही पहिल्या रंगीत फोटोत आकाश निळं छापलं आणि मग दुरुस्त केलं. मंगळाचं दिवसाचं आकाश मातकट पिवळसर असतं. निळं होतं ते मावळतीला, सूर्याभोवती. आपल्या अगदी उलट.

आता किल्ला. मी तुमच्या जागी असते तर आकाश मंगळाचं घेतलं असतं, आणि त्याला कारण आहे. ग्वाल्हेरचा डोंगर वालुकाश्माचा, थरांवर थर. चंद्रावर असा खडक मिळणार नाही, तो बनायला वारा नाहीतर पाणी लागतं. मंगळावर मात्र आहे. २०१२ साली नासाचं क्युरिऑसिटी यान जिथे उतरलं त्या गेल विवरात वालुकाश्माचे थर सापडलेत. तुमचा डोंगर तिथे शोभून दिसेल.

उठाव हाताने काढायची गरज नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाश शटलनं ११ दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती मोफत मिळते. करड्या रंगाच्या चित्रासारखी असते, उंच ते पांढरं, खोल ते काळं. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सपाट पत्रा घेऊन त्याला बारीक जाळीत विभागा आणि हे चित्र डिस्प्लेसमेंट म्हणून, म्हणजे जाळी वर-खाली करायला, लावा, डोंगर उभा राहतो. पण ती मोजणी दर ३० मीटरला एक आहे. तुमचा किल्ला लांबीला सुमारे ३ किलोमीटर, म्हणजे जेमतेम शंभर बिंदू. दुरून दिसणारा डोंगर त्यात उत्तम येईल, बुरूज आणि मानमंदिराच्या निळ्या फरशा येणार नाहीत. त्या तुम्ही फोटो बघून हाताने कराल, आणि तेच करण्याजोगं काम आहे.

मी जाम दरवाज्याजवळचा विंध्याचा उतार असाच घेतला होता. आमचा माळवा लाव्हाचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट. सपाट माथ्याचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर. मंगळावरही बेसॉल्टच पसरलेला आहे. पहिल्यांदा त्या उतारावर मातकट आकाश चढवलं तेव्हा अंगावर काटा आला. शाळेच्या सहलीला तिथे बसून आम्ही डबे खाल्ले होते.

एवढं सांभाळा: हवा असली की दूरचे डोंगर फिके होत जातात. मांडवगडला रूपमतीच्या छत्रीवरून बघा, जवळची झाडी काळपट हिरवी, मधली टेकडी निळसर, आणि हवा स्वच्छ असेल तर पार तळाशी नर्मदेची चंदेरी रेघ. दूर जाल तसा रंग आकाशाच्या रंगाकडे झुकतो. मंगळावर तो मातकट होईल, निळा नाही. हवा नसलेल्या चंद्रावर मात्र दहा कोसांवरचा डोंगरही हाताशी असल्यासारखा लख्ख दिसेल आणि आकाश भरदिवसा काळं. आणि मंगळावर उजेडही बेताचा हवा, तिथे ऊन आपल्या निम्म्याहून कमी पडतं आणि सूर्य दोन तृतीयांश रुंदीचा दिसतो.

माझ्या चित्रात आकाशाच्या पट्ट्या पट्ट्या दिसतात. आणि साइज कोणता ठेवावा?
— गृहिणी, देवास

साइज ३८४० बाय २१६० ठेवा, लहान पडद्यांना त्यातूनच कापून देता येतो. मोबाइलचं चित्र मात्र उभं, वेगळं बांधा. वरच्या तिसऱ्या भागात घड्याळ येतं, तिथे ग्रह ठेवलात तर त्याच्या तोंडावर आकडे बसतील. कॉम्प्युटरवर आयकॉन डावीकडे असतात, ती बाजू शांत ठेवा. बाबा पडद्याचा मधला भाग जाणूनबुजून मवाळ रंगवायचे, कारण तिथे नवरा-नवरी बसणार असत.

पट्ट्यांचं कारण हिशेबात आहे. साध्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. तुमचं आकाश काळपट, म्हणजे १० पासून ४० पर्यंतच जातंय. १,९२० पिक्सेलवर ३० पायऱ्या पसरल्या की एक पायरी ६४ पिक्सेल रुंद होते आणि डोळ्याला दिसते. काम १६ बिटमध्ये करा, जिम्पला ते २०१८ पासून येतं. त्यात ६५,५३६ पायऱ्या मिळतात. शेवटी आकाशावर अगदी बारीक नॉइज घाला, दिसेल न दिसेल इतका, म्हणजे पायरीची कड मोडते. मग पीएनजीत ठेवा. १६ बिटमध्ये या साइजचा एक लेयर ६६ एमबीच्या आसपास जातो, तेव्हा जुनं मशीन असेल तर लेयर वेळोवेळी एकत्र करा. आणि यूपीएस घ्या. माझा १९ तास चाललेला रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने तयार होत असलेलं शेवटचं चित्र, पहाटे वीज लुकलुकल्यामुळे गेला, त्या दिवशी मी स्वयंपाकही केला नाही.

मॅडम, एआयला एक ओळ लिहिली की दहा सेकंदांत असं चित्र मिळतं. मग दोन-दोन आठवडे कशाला घालवायचे? आणि नासाचे फोटो वापरून केलेली चित्रं विकता येतात का?
— बी.कॉम.चा विद्यार्थी, राजेंद्रनगर, इंदूर

दुसऱ्याचं आधी. नासाच्या फोटोंवर सहसा कॉपीराइट नसतो, वापरता येतात. त्यांचं बोधचिन्ह लावायचं नाही आणि नासानं आपल्या चित्राला मान्यता दिलीय असं भासवायचं नाही. हबलच्या युरोपीय संकेतस्थळावरचे फोटो श्रेय लिहून वापरता येतात. बाकी कुणाही छायाचित्रकाराचा फोटो असेल तर त्याला विचार. प्रत्येक फोटोखालची ओळ वाचायची सवय लाव.

एआयचं. मी तसली चित्रं भाच्याकडे बघितली आहेत. रंग देखणे असतात. त्यांतल्या एकात चंद्रकोरीच्या पोटात चांदणी होती. भाच्याला ती खटकली नाही, मला खटकली, कारण मी कंदील धरलेला आहे. तुला पडद्यावर फक्त काहीतरी सुंदर लावायचं असेल तर खुशाल दहा सेकंदांचं लाव, त्यात वाईट काही नाही. पण तू मला दोन आठवड्यांबद्दल विचारतोयस. त्या दोन आठवड्यांत मी शनीची कडी कुठून कशी दिसतात ते शिकले. इयापेटसची एक बाजू कोळशासारखी काळी आणि दुसरी बर्फासारखी पांढरी का, हे वाचत बसले. चोरलला जाऊन एक रात्र काढली, कारण इंदुरातून आता आकाश दिसत नाही, आणि माळव्याच्या रात्रीचं एवढं कौतुक लोक का करायचे ते तिथे पहाटे दोनला कळलं. चित्र लावून वर्ष झालं, पण व्याध उगवताना अजून मी खिडकीशी जाते. मला चित्राइतकंच हेही हवं होतं. तुला हवंय का, ते तू बघ. हवं असेल तर एखाद्या रविवारी ये, मोसंबं मी आणून ठेवीन.

ताई, तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर कोणतं वॉलपेपर आहे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

इयापेटसचं. पुढे उजाड पठार, उजवीकडून येणारं फिकट ऊन, नव्वद पट मंद, कारण शनीपाशी सूर्य साडेनऊ पट दूर असतो. वर शनीची कोर, कडी उघडी, आणि शनीच्या सावलीत कड्यांचा एक तुकडा गायब. डावी बाजू पूर्ण काळी, तिथे माझे फोल्डर आहेत.

त्या काळ्याचा पोत बाबांच्या पडद्याचा आहे. स्टुडिओ बंद झाला तेव्हा तो रात्रीचा पडदा गुंडाळून आमच्या घरी आला आणि पुढे माळ्यावर पावसाच्या ओलीने गेला. दीड फुटाचा आकाशाचा एक तुकडा तेवढा शाबूत राहिला. तो मी ६०० डीपीआयला स्कॅन केला आणि आकाशाच्या लेयरखाली घातला. मूळ तुकडा टेबलाच्या खणात आहे. सरळ बघितलं तर नुसता निळा-काळा रंग दिसतो. टेबललॅम्प खाली आणून उजेड तिरपा पाडला की मधोमध रंगाचा एक उंचवटा दिसतो, पाच टोकांचा.